आधी पेशी, मग नाव

चौकशीने काचपट्टी नळाखाली तिरपी धरली. जांभळा रंग ओघळून गेला, पाणी नितळ उतरू लागलं, तशी तिने ती दोन बोटांत उभी धरून खिडकीच्या उजेडात पाहिली. रक्ताचा लेप कडेला पिसासारखा विरळ होत गेला होता. छान जमला होता.

मागे फोन वाजला. मामांनी उचलला. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांचा आवाज एवढा मोठा होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

“पोरगी पोट धरून दुमडून पडलीय. हात लावू देत नाही. आणि तुमचा कागद म्हणतो, पांढऱ्या पेशी अगदी नेहमीएवढ्या. आता मी हिचं पोट उघडू की हिला घरी पाठवू?”

“कागदावर आहे ते बरोबर आहे, डॉक्टर,” मामा म्हणाले. “मशीन आज सकाळीच मापाला लावलंय.”

“कुणाच्या मापाला?”

“माझ्या.”

पलीकडून “मग काय बोलणार” असं काहीसं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

त्या दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत मामांचं रक्त हा वादाचा विषय नव्हता. पेशी मोजणाऱ्या मशीनला रोज सकाळी आधी असं रक्त पाजावं लागतं, ज्याचा आकडा पक्का ठाऊक आहे; म्हणजे मशीन शुद्धीवर आहे की नाही ते कळतं. त्यासाठी कंपनीकडून बर्फाच्या खोक्यात छोट्या कुप्या येत. पण खोकं कधी उशिरा येई, कधी बर्फ वितळून कोमट होऊन येई. अशा दिवशी मामा बाही वर करून खुर्चीत बसत आणि म्हणत, “घ्या, घरचं दुभतं आहे.” त्यांच्या रक्ताचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. उन्हाळा असो, हिवाळा असो, घरात भांडण होऊन आलेले असोत की गोडधोड खाऊन, पेशी जेवढ्या असायच्या तेवढ्याच. मशीनचं आणि मामांचं पटलं नाही, की चूक मशीनची. आणि ती खरोखरच मशीनची निघायची. देवाने मामांना घडवताना शेजारी वजनकाटा ठेवला होता, असं सगळे म्हणत. मामा ते ऐकून नुसते हसत, पण नाही म्हणत नसत.

मामा सगळ्यांचेच मामा; चौकशी त्यांच्या हाताखाली शिकलेली. हे नावही त्यांनीच ठेवलेलं. कामाला लागली त्या आठवड्यात तिने एवढे प्रश्न विचारले होते, की मामांनी दारावर ‘चौकशी’ अशी पाटी लावून तिला तिथेच बसवायची धमकी दिली होती. पाटी राहिली, नाव चिकटलं. आता तिची मुलं शाळेत जायच्या वयाची झाली, तरी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांची ती चौकशीच.

आजही खोकं आलं नव्हतं. सकाळी मामांनी बाही वर केली, तिने रक्त घेतलं, मशीनमध्ये लावलं. लाल पेशी जिथल्या तिथे. प्लेटलेट जिथल्या तिथे. पांढऱ्या मात्र जवळजवळ दुप्पट.

मामांनी जीभ टाळूला लावून चक् असा आवाज केला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“चढलंय,” ते म्हणाले.

“पांढऱ्याच कशा चढल्या, मामा? मशीन बिघडलं तर सगळंच बिघडायला हवं ना?”

“सकाळी सकाळी चौकशी नको. जा, वॉर्डातून नळ्या आल्यात का बघ.”

ती नळ्या आणायला गेली. परत आली तेव्हा मामा मशीनच्या आतल्या पडद्यावर वाकले होते. पांढऱ्या पेशींचा आकडा खाली ओढत ओढत त्यांनी तो आपल्या नेहमीच्या आकड्याशी नेमका जुळवला होता. मशीन मुकाट्याने ऐकत होतं.

आता तिने त्या पोटदुखीच्या पोरीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

नेहमीएवढ्या? तिथे तर बाजार भरला होता. एका नजरेत एखाद-दुसरी पांढरी पेशी दिसावी, तिथे दाटीवाटीने उभ्या होत्या. तिने काच सरकवली. पुढेही तेच. मशीन खोटं बोलत होतं, आणि खोटं बोलायला त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

तिने सकाळपासूनचे कागद एकामागून एक डोळ्याखालून घातले. बाळंतीण, कमी. वरच्या मजल्यावरचे आजोबा, कमी. नोकरीसाठी तपासणीला आलेला धडधाकट तरुण, तोही कमी. आज सगळा दवाखाना अशक्त होता आणि एकटे मामा ठणठणीत. कुणालाही आधी मशीनची शंका आली असती. चौकशीला मशीनची नव्हे, मापाची आली.

मापाच्या रक्ताचीही एक काचपट्टी करून ठेवायची, हा मामांचा शिरस्ता. कोपऱ्यावर नाव नसायचं, पेन्सिलीने एक छोटा गोल. ती काच तबकात बाकीच्यांच्या मागे उभी होती. तिने उचलली. बोटांना बुळबुळीत लागली म्हणून मऊ कागदाने पुसून घेतली आणि तेलाचा ताजा थेंब टाकून बघायला बसली.

नव्या मुलांना मामा पेशींची गोष्ट कीर्तनकाराच्या थाटात सांगत. एक हात कमरेवर, दुसरा हवेत. “हृदयाला रक्त पोचवणारी एक बारीकशी वाट. तिच्या भिंतीला गेला तडा. आधी कोण धावलं? प्लेटलेट. गळती बुजवायला आल्या बिचाऱ्या, आणि बुजवता बुजवता वाटच बुजवून बसल्या. त्यांच्या जाळ्यात लाल पेशी अडकल्या, त्यांचा काय दोष, त्या आपल्या ओझं घेऊन चालल्या होत्या. पलीकडचं मांस उपाशी पडलं. मेलं. मग वर्दी गेली आणि निघाले बंबवाले.” बंबवाले म्हणजे पांढऱ्यांतले ते, ज्यांच्या पोटातलं केंद्र तीन-चार मण्यांची माळ ओवल्यासारखं दिसतं. “आग विझवतात, पण दारं-खिडक्या फोडून. चांगलं घरही थोडं पाडतात. हा झाला पूर्वरंग. उत्तररंगात येतात झाडूवाले. मोठे, संथ. मढी उचलतात, राडारोडा काढतात आणि जाता जाता भिंतही लिंपतात.” इथे मामांचा आवाज खाली यायचा. “आता मला सांगा बाळांनो, यात मारायला निघालेला कोण होता? एकही नाही. सगळे भलं करायलाच निघालेले. तरी माणूस जातो. त्याची करणी त्यालाच ठाऊक.”

गोलाच्या काचेवर बंबवालेच बंबवाले होते. त्यांच्यात काही अर्धवट वयाचेही, मिसरूड न फुटलेले, मणी अजून सुटे न झालेले. घाईघाईने भरती करून पाठवलेले.

तिने डोळा काढला आणि खोलीकडे पाहिलं. मामा बेसिनपाशी उभे होते. खोली थंड होती, तिने स्वतः स्वेटर घातला होता, आणि मामांच्या कपाळावर ओल होती. त्यांनी खिशातून अॅसिडिटीची गोळी काढून चघळली. मग डाव्या कोपरापासून वर खांद्यापर्यंत हात चोळला, दुसऱ्या कुणाचा तरी चोळावा तसा, त्याच्याकडे न बघता.

“काय होतंय, मामा?”

“काल खोकी हलवली ना. पाठ धरलीय.”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला. मामी होत्या.

“काय गं, आमचं ध्यान पोचलं का कामावर?”

“पोचलेत. का?”

“सकाळी न खाता गेलेत. रात्रभर उशीला टेकून बसून होते. पाठ म्हणाले, मग दाढ म्हणाले, मग म्हणाले तू झोप. मलम चोळलं तर ओरडले माझ्यावर. एवढं सांग, दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या म्हणावं. माझं ऐकायचे नाहीत.”

“सांगते.”

“आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

तिने फोन ठेवला. सरळ सांगितलं तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. मामा हसतील, दगडावरच्या रेघेची आठवण करून देतील, आणि फार मागे लागलं तर चिडून एखादं खोकं उचलतील. वरच्या मजल्यावर, हृदयाच्या विभागात, ते कामाशिवाय पाऊल टाकत नसत. नळ्या आणायलाही दुसऱ्याला पाठवत. त्यांचे वडील तिथे जिना चढून गेले होते आणि लिफ्टने खाली आले होते, चादर ओढलेले. हे मामांनी तिला एकदाच सांगितलं होतं, तेही विनोद म्हणून.

तिने मामांची खुर्ची सूक्ष्मदर्शकापुढे ओढली.

“मामा, एक स्लाइड बघता?”

“कुणाची?”

“आधी पेशी, मग नाव.”

हा त्यांचाच नियम. नाव आधी कळलं की डोळा लाचार होतो, जे बघायचं तेच बघतो, असं ते म्हणत. म्हणून शिकवताना काचेच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवत. आता कोपऱ्यावर चौकशीचा अंगठा होता.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. चष्मा कपाळावर चढवला आणि बसले.

एरवी त्यांचा हात काच सरकवत राहायचा, शेत नांगरल्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आज हात मांडीवरच होता. ते एकाच जागी बघत होते.

“ताप आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कुठे पडला, भाजला?”

“नाही.”

“खोकला? लघवीला जळजळ?”

“तसलं काही नाही. पाठ दुखते म्हणतो. डावा हात चोळतो. रात्री जबडा दुखत होता, झोपला नाही.”

“कोण म्हणालं?”

“त्याच्या घरचं माणूस.”

मामांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. डोळा त्यांनी काढला नाही.

“रक्त जागा सांगत नाही, चौकशी. हे लक्षात ठेव. ते एवढंच सांगतं, की कुठेतरी वर्दी गेलीय आणि बंब निघालेत. हिरडी सुजली तरी निघतात.”

“मग थांबायचं?”

मशीनचा पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत गेलं, त्याच्या चाकांचा आवाज लांब गेला.

“नाही,” ते म्हणाले. “हा माणूस माझ्यासमोर असता तर मी त्याला कार्डिओग्रामची पट्टी काढायला वर पाठवला असता.”

“कधी?”

“आत्ता. आणि चालत नाही. चाकाच्या खुर्चीवरून.”

तिने अंगठा उचलला. पेन्सिलीचा गोल उघडा पडला. मामांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला, अंगातला पांढरा कोट काढला, बाह्या जुळवून नीट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“त्या पोरीचा आकडा आधी कळव. मग मशीन जागेवर आण. सकाळचे सगळे कागद परत मागव, एकही सोडू नकोस.”

“मागवते. खुर्ची आणू?”

“आण की. शाही सवारी निघू दे एकदाची.” मग थोडं थांबून, तिच्याकडे न बघता, “घरी कळव. पण दाताचं निघालं असं सांग.”

वर पट्टी काढली तेव्हा तंत्रज्ञाने दुसऱ्यांदा तारा तपासल्या नाहीत. थेट डॉक्टरांना हाक मारली. वाट पूर्ण बंद नव्हती. बारीकशी फट उरली होती आणि तिच्यातून थेंब थेंब रक्त रात्रभर पलीकडच्या मांसाला जगवत आलं होतं. देवाने फट ठेवली होती. तिच्यातून वाट उघडी धरणारी जाळी सरकवायचं काम माणसांनी केलं.

चौकशी तेव्हा खालीच होती. तिने शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना फोन लावला.

“तो आकडा चुकलाय, डॉक्टर. जवळजवळ दुप्पट धरा. मी काचेवर स्वतः पाहिलंय.”

“तरी म्हटलं. घेतो तिला टेबलावर. काय झालं, मशीन बिघडलं?”

“मशीन नाही. माप हललं होतं.”

डॉक्टरांना ते कळलं की नाही कोण जाणे. पोरीचं पोट वेळेत उघडलं गेलं आणि तीही वाचली.

संध्याकाळी चौकशी टेबल आवरायला बसली. दिवसभराच्या काचा पुसून डब्यात भरायच्या. गोलाची काच हातात आली आणि तिचा हात थांबला. आता तिच्यावर तेल होतं, ते असणारच. थेंब तिनेच टाकला होता. पण सकाळी तबकातून उचलली तेव्हाही ती बोटांना बुळबुळीत लागली होती. रंगवून, धुऊन, वाळवून ठेवलेली काच कोरडी ठणठणीत असते. तेल पडतं ते फक्त बघताना. तिने कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. सकाळचा मऊ कागद तिथे होता, मधोमध पारदर्शक डाग पडलेला.

खोलीत सकाळी ती आणि मामा, दोघंच होते. आणि ती तर नळ्या आणायला गेली होती.

तिने टोपलीवर झाकण ठेवलं.

हृदयाच्या विभागात मामांना खिडकीजवळची खाट मिळाली होती. चौकशी रोज सकाळी नळी घेऊन जायची आणि मामा रोज विचारायचे, “आज कोण आलंय?” ती सांगायची, अजून बंबवालेच. मग एक दिवस, बंबवाले थोडे कमी. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते, एक तुकडा गेलाय, तिथे वण राहील. वण घट्ट धरला की झालं. तेव्हापासून मामा वणाची वाट बघत होते, जावयाची बघावी तशी.

आज ती प्रयोगशाळेतला जुना, एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. जेवणाचं चाकाचं टेबल खाटेवर ओढलं, खिडकीचा उजेड आरशात धरला, काच ठेवली, तेलाचा थेंब टाकला.

मामी संत्रं सोलत होत्या. “दवाखान्यात येऊनही तेच. घरी काय कमी डोळे फोडतात?”

मामांनी डोळा लावला. हात आपोआप पुढे आला आणि काच सरकवू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“आले,” ते हळूच म्हणाले.

“कोण आलं?” मामींनी दाराकडे पाहिलं.

“झाडूवाले. बघ, बघ. ये इकडे.”

मामींनी हात पुसले, पदर सावरला आणि एक डोळा घट्ट मिटून वाकल्या. “हे होय? मला वाटलं काहीतरी लाल असेल. ही तर जांभळी. आणि ही मोठी, हिच्या पोटात राजमा आहे का?”

“तोच. तोच झाडूवाला.”

“चांगला गुबगुबीत आहे की. याला म्हणावं, सावकाश कर, पण नीट कर.” त्यांनी डोळा काढला. तो ओला झाला होता. तेलाने म्हणावं तर तेल डोळ्याशी नव्हतं. “पाणी संपलंय,” त्या म्हणाल्या आणि तांब्या घेऊन बाहेर गेल्या.

मामांनी पुन्हा डोळा लावला. चौकशी खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

“खोकं आलं का?” त्यांनी विचारलं.

“आलं. आता कुपीतलंच रक्त लावते मापाला. आणि एक जादा कुपी फ्रीजमध्ये ठेवायची असं ठरवलंय.”

“बरं केलंस.”

मामांनी काच आणखी थोडी सरकवली.

“तू काही विचारलं नाहीस,” मामा म्हणाले. डोळा नळीलाच होता.

“काय विचारायचं?”

“ते मी कसं सांगू? चौकशी कुणाचं नाव आहे?”

मामांनी डोळा काढला, तशी तिने काच उचलली आणि खिशातला मऊ कागद घेऊन तेल पुसू लागली. आधी मधलं, मग कडा, मग चारही कोपरे. कागदाला चकाकी येईनाशी होईपर्यंत पुसत राहिली. मामा तिच्या बोटांकडे बघत होते.

“एवढं कशाला पुसतेस?”

“तुम्हीच शिकवलंत. बघून झालं की पुसून ठेवायचं.” तिने काच उजेडात धरली. “नाहीतर मागून येणाऱ्याला कळतं, आधी कुणीतरी बघून गेलंय.”

खिडकीबाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. वाऱ्याने एक फुगली, खाली बसली, पुन्हा फुगली. मामा तिकडे बघत राहिले. त्यांचा हात पांघरुणावरून हळूच छातीवर गेला आणि तिथेच राहिला, दुखतंय म्हणून नव्हे.

“कळतं खरं,” ते म्हणाले.

मामी तांब्या घेऊन आत आल्या. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“काय झालं? गप्प का दोघं?”

“हिला बरं नाही वाटतं,” मामा म्हणाले. “आल्यापासून एक प्रश्न विचारला नाही. ताप बघ बाई हिचा.”

मामींनी खरोखरच तिच्या कपाळाला हात लावला. ओला, गार हात. चौकशी हसली, आणि सूक्ष्मदर्शकावर टॉवेल घालून त्याची गाठ मारू लागली.

“उद्याही आण,” मामा म्हणाले.